आधी आकडा, मग मीटर

वाचक विचारतात : कारखान्यातली वीज

ह्या वेळी आलेली पत्रं बेळगाव जिल्ह्यातल्या उद्यमबाग, मच्छे, चिकोडी आणि खानापूर अशा चारी बाजूंनी आलीत, आणि प्रश्न वेगवेगळे दिसले तरी मुळात सगळे एकच विचारतायत की हाताला काम येतंय पण डोक्याला कळत नाही, त्याचं काय करायचं. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : काका नमस्कार. मी मच्छेकडं एका फौंड्रीत काम करूलालोय, दोन वर्षं झाली. दहावी मराठी मिडियम, नंतर आयटीआय फिटर. आता मला मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिकलला घेतलंय. आमचे सिनियर कन्नड बोलतात, माणूस लई चांगला, पण ही वायर इथं लाव ती तिथं लाव एवढंच सांगतात. का लावायची ते कळत नाही. इंग्लिश पुस्तक आणलं तर पहिल्या धड्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉन आणि दुसऱ्यात एकदम गणितं. थिअरी खरंच लागते का, का काम करता करता आपोआप येतंय? आणि लागत असेल तर कुठनं सुरू करू?

उत्तर : बाळा, लागते. काम करता करता हात तयार होतो, पण हाताला जे माहीत असतंय ते कालचंच असतंय, उद्या पॅनेल बदललं की हात अडकतो आणि मग माणूस सिनियरला फोन लावत बसतो. तुला "का" हा प्रश्न पडला ना, मग अर्धं काम झालंय असं समज.

इलेक्ट्रॉन प्रोटॉन सध्या बाजूला ठेव. तू गोकाकचा धबधबा बघितला असशील. घटप्रभेचं पाणी तिथं साधारण ५२ मीटरवरनं पडतंय. मे महिन्यात गेलास तर एक बारकी धार, आणि जुलै-ऑगस्टात गेलास तर आवाजानं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आता उंची बदलली काय? नाही, उंची तेवढीच हाय. बदललं ते पाणी. ही जी उंची तिला व्होल्टेज म्हण, आणि दर सेकंदाला जे पाणी जातंय त्याला करंट म्हण. उंची असून पाणी नसेल तर चक्की फिरत नाही, आणि तळ्यात पाणी भरपूर पण उंची नाही तरी फिरत नाही, दोन्ही लागतात, म्हणून दोन्हीचा गुणाकार म्हणजे पॉवर, व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. धबधब्याचं खरं गणित पण असंच असतंय, उंची आणि प्रवाह यांचा गुणाकारच करतात. वाटेतली अडचण, पाईप बारीक का मोठा, तो झाला रेझिस्टन्स, ज्याला ओहममध्ये मोजतात. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स बरोबर करंट, हा ओहमचा नियम, १८२७ सालचा, आणि आजपण तुझ्या फौंड्रीत रोज तोच लागतोय.

फक्त एका ठिकाणी ही पाण्याची उपमा सोडायची. पाईप तुटला तर पाणी बाहेर सांडतंय, वायर तुटली तर करंट सांडत नाही, थांबतो. करंटला जिथनं निघाला तिथं परत यायला पूर्ण रस्ता लागतो. हे एवढं वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढचं पुष्कळ सोपं होतंय.

भाषेचं म्हणशील तर तू घाबरू नको. मराठी शाळेत आपण विभवांतर आणि रोध शिकलो, तुझ्या सिनियरनी कन्नड शाळेत पण विभवांतर आणि रोधच शिकलेत, शब्द तेच. आणि कारखान्यात तर दोघं पण व्होल्टेज, लोड, ट्रिप, अर्थिंग असंच बोलता. तुला कन्नडमधला एकच शब्द धीर करून वापरायचाय, "याक री?", म्हणजे का हो? मान ठेवून विचारलं की चांगला माणूस सांगतोच. माझा तर अनुभव असा की विचारल्यावर त्याला स्वतःला पण विचार करावा लागतो आणि मग दोघं मिळून शिकता.

आता सुरू कसं करायचं. पॅनेल उघडून नाही. एक मोटारसायकलची जुनी पण चालू १२ व्होल्टची बॅटरी घे, इंडिकेटरचे १० वॅटचे दोन बल्ब, थोडी वायर, बॅटरीच्या प्लसलाच एक पाच अँपिअरचा फ्यूज आणि एक साधा मल्टीमीटर. आणि माझी एकच अट हाय, ती पाळायचीच. मीटर लावायच्या आधी वहीत आकडा लिहायचा, काय येणार तो. मग मोजायचं. आकडा जुळला तर पुढं जा, नाही जुळला तर तिथंच बस, कारण जिथं जुळत नाही तिथंच शिकायला मिळतंय.

एक करून दाखवतो. १० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे एक बल्ब ०.८३ अँपिअर घेणार. लिही. मीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या रस्त्यात मध्येच, लावून बघ (लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, आणि त्या भोकात वायर असताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट कधीच लावायचा नाही, शॉर्ट होतो), जवळपास तेवढाच येईल. आता दोन बल्ब एकामागं एक सिरीजमध्ये. तू लिहिशील की रेझिस्टन्स दुप्पट म्हणजे करंट निम्मा, ०.४२. मोज. ०.४२ येणार नाही, जास्त येईल, ०.५५ च्या आसपास. आता काय, ओहमचा नियम चुकला? नाही. बल्बची तार गरम असताना तिचा रेझिस्टन्स जास्त आणि गार असताना कमी असतो, दोन बल्बात व्होल्टेज वाटलं गेलं, तार कमी तापली, रेझिस्टन्स उतरला, म्हणून करंट तेवढा पडला नाही. खात्री करायची तर बल्ब सुटा करून गार असताना ओहम मोज, एक-दीड ओहम दाखवेल, आणि पेटल्यावरचा हिशोब कर, १२ भागिले ०.८३, चौदा ओहमच्या वर. एकच तार, केवढा फरक! हे पुस्तकात एका ओळीत असतंय आणि आपण ती ओळ सोडून पुढं जातो, पण एकदा स्वतःच्या हातानं बघितलं की जन्मभर विसरत नाही, आणि हेच डोकं पुढं मोटर तापल्यावर कामाला येतंय.

हे डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेनं जाणाऱ्या करंटचं, सिरीज-पॅरलल, व्होल्टेज कुठं किती पडतंय, दोन-तीन महिने कर. घाई करू नको. बहुतेक पोरं इथंच घाई करून थेट थ्री फेजवर उडी मारतात आणि मग रूट थ्री (१.७३२) कुठनं आला ते कधीच कळत नाही. मग खिळ्यावर तांब्याची इनॅमल वायर गुंडाळून लोहचुंबक कर, करंट दिला की ओढतोय आणि बंद केला की सोडतोय, तुझ्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, मोटर चालू-बंद करणारा चुंबकी स्विच, म्हणजे हाच खिळा, फक्त नीट बांधलेला.

त्यानंतर कारखान्यात जा आणि कुठलीपण बंद असलेली मोटर बघ, आधी सिनियरला सांगून आणि आयसोलेटर (मोटरचा मेन स्विच) ऑफ करून कुलूप घालून. तुमच्या सँड मिक्सरच्या मोटरवर काळी धूळ बसलेली असणार, कॉटन वेस्टनं नेमप्लेट पूस. समज लिहिलंय : ५.५ किलोवॅट, ७.५ एचपी, ४१५ व्होल्ट, ११ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, डेल्टा. ही एवढीशी पट्टी म्हणजे एक अख्खं पुस्तक बघ. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे मारतंय (१२० गुणिले ५०, भागिले ४), मग प्लेटवर १४४० का? कारण रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्या क्षेत्राच्या जरासं मागं राहिला तरच त्याच्यात करंट तयार होतोय आणि तो ओढला जातोय, बरोबरीनं फिरला तर ओढच संपली. ते ६० आरपीएम म्हणजे स्लिप, चार टक्के. ११ अँपिअरचं पण गणित करून बघ : १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ११, साधारण ७९००, हे झाले व्होल्ट-अँपिअर, आणि बाहेर शाफ्टला मिळतात ५५०० वॅट. मधले कुठं गेले ते शोध, काही उष्णतेत जातात आणि काही पॉवर फॅक्टरचा फरक असतो, पण शोधून काढ, मी इथं सगळं सांगत नाही.

आणि एक कोडं देतो. त्याच मोटरच्या पट्ट्या काढून एका वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मल्टीमीटरनं मोजलास तर दोन-तीन ओहम दाखवेल. ओहमच्या नियमानं ४१५ भागिले ३ म्हणजे १३८ अँपिअर व्हायला पाहिजेत. मग मोटर ११ वर कशी चालते? इथंच डीसी संपतंय आणि एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, सुरू होतंय. नुसता तारेचा रेझिस्टन्स नाही, बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळं वाइंडिंगमध्येच उलटं व्होल्टेज तयार होतंय ते अडवतंय. रोटर उभा असताना हे अडवणं कमी पडतंय, म्हणून सुरू होताना मोटर सहा-सात पट करंट ओढते. मोटर जाम झाली की का जळते ते पण ह्यातच आलं.

वायर इथं लाव तिथं लाव ह्याच्यावर पण सांगतो. स्टार्टरचं ड्रॉइंग वहीत काढ आणि पेन्सिलीनं करंटचा रस्ता चाल. फेज निघाला, रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा तो) ९५-९६ ह्या टोकांमधनं, लाल स्टॉप बटणातनं, हिरव्या स्टार्ट बटणापर्यंत येऊन थांबला कारण ते उघडं हाय. बोटानं दाबलं, कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए-वन टोकाला पोचला, ए-टूमधनं न्यूट्रलला परत. रस्ता पूर्ण, खिळा ओढला. बोट काढलं तरी मोटर का चालते? कारण ओढल्याबरोबर कॉन्टॅक्टरचा १३-१४ नंबरचा कॉन्टॅक्ट मिटला आणि तो स्टार्ट बटणाच्या दोन टोकांना लावलेला हाय, आता बोटाचं काम तो करतोय. लाईट जाऊन परत आली तर मोटर आपोआप का सुरू होत नाही, ते आता तू मला सांग.

पुढं कधी वायरमन परमिट काढायचं मनात असेल तर ते कर्नाटकात राज्याच्या विद्युत निरीक्षक खात्याकडनं मिळतंय, अटी तिथंच जाऊन विचार, कुणाच्या तरी ऐकीव गोष्टीवर राहू नको.

प्रश्न : सर, मी चिकोडी तालुक्यात साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस आहे. ३० किलोवॅटच्या पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे. नेमप्लेटवर ५४ अँपिअर असताना सुपरवायझरनी रिले ३१ वर सेट करायला सांगितला. मला वाटलं चुकलं असेल, विचारलं तर "तसंच असतंय" म्हणाले. तसंच का असतंय?

उत्तर : पोरी, सुपरवायझर बरोबर आहेत आणि तू विचारलंस ते पण बरोबर आहे. हा स्टार्टर मोटरची तीन वाइंडिंग आधी स्टारमध्ये (तिन्हीचं एकेक टोक एकत्र) आणि मग डेल्टामध्ये (एकाला एक लावून त्रिकोण) जोडतो. त्यात रिले बहुतेक वेळा मोटरच्या वाइंडिंगकडं जाणाऱ्या वायरवर बसवलेला असतो, येणाऱ्या मेन लाईनवर नाही. डेल्टामध्ये प्रत्येक लाईनला दोन वाइंडिंग जोडलेली असतात, लाईनचा करंट दोन्हींत वाटला जातो, पण दोन्ही वाइंडिंगचे करंट एका वेळी एकत्र चढत-उतरत नाहीत, मागंपुढं असतात, म्हणून निम्मा निम्मा न होता लाईनचा करंट भागिले १.७३२ एवढा एकेका वाइंडिंगला येतो. ५४ भागिले १.७३२, म्हणजे ३१.२. लोक ०.५८ नं गुणतात, गोष्ट तीच. पण आधी पॅनेलमध्ये रिले खरंच कुठं बसवलाय ते डोळ्यानं बघ, कारण कुणी तो मेन लाईनवर घातला असेल तर तिथं ५४ च पाहिजे.

आता आणि एक पायरी पुढं जा, म्हणजे स्टार्टर कशासाठी तेच कळेल. स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ मिळत नाही, ४१५ भागिले १.७३२ म्हणजे २४० मिळतात. वाइंडिंगचा करंट त्या प्रमाणात उतरला, एकदा १.७३२ नं भागला. शिवाय स्टारमध्ये लाईनचा करंट आणि वाइंडिंगचा करंट एकच असतो, डेल्टासारखा १.७३२ पट होत नाही, म्हणजे परत एकदा भागला. दोनदा भागलं की तीन. म्हणून डायरेक्ट डेल्टात सुरू केलं असतं तर लाईनमधनं जेवढा करंट गेला असता त्याच्या एक तृतीयांशच जातो. पण ताकद पण व्होल्टेजच्या वर्गानं उतरते, ती पण एक तृतीयांशच राहते. पंपाला चालतंय, कारण सुरुवातीला पाणी अजून वर चढायचं असतंय, अंगावर भार कमी. भरलेल्या कन्व्हेयरला चालत नाही, तो स्टारमध्ये नुसता गुणगुणत बसेल आणि टायमरनं डेल्टात टाकल्यावर असा झटका देईल की स्टार्टर लावून काही उपयोग झाला नाही असं वाटेल.

हे कागदावर दोनदा सोडव आणि मग कारखान्यात मोटर सुरू होताना क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) लावून दोन्ही वेळचे आकडे सुपरवायझरच्या समोर बघ. आधी लिहून ठेव हां.

प्रश्न : माझी खानापूर तालुक्यात भाताची गिरणी आहे. १० एचपीची मोटर पावसाळ्यात दोनदा जळली. रिवाइंडिंगवाला म्हणाला एक फेज गेला होता. पण एक फेज गेला तर मोटर बंद पडायला पाहिजे ना? ती तर चालूच होती.

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला माझी एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती मी सांगतोच कारण तिच्यातनंच मी हे शिकलो. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. एका कारखान्यात ब्लोअरची मोटर वेगळाच आवाज करत होती, जड, घुमल्यासारखा. मेस्त्रींनी मला बघायला पाठवलं. मी टेस्टर घेऊन तिन्ही फ्यूजच्या मोटरकडच्या बाजूला लावला, तिन्हीवर दिवा लागला. मी ओरडून सांगितलं, लाईन बरोबर हाय. वीस मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास आला आणि मोटर गेली. तीन फ्यूजपैकी एक उडालेला होता. नुकसान मालकाचं झालं, आणि मी लाईन बरोबर म्हणालो म्हणूनच कुणी मोटर बंद केली नाही, ते अजून माझ्या मनात आहे.

मग टेस्टर पेटला कसा? फिरणारी मोटर मेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते. टेस्टरला ते लाईनचं का मोटरचं ते कळत नाही, त्याला नुसतं व्होल्टेज दिसतंय. तुमची मोटर चालू राहिली ती ह्याच कारणानं, उरलेल्या दोन फेजवर फिरत्या मोटरला फिरत राहायला जमतंय. पण काम तर तेवढंच आहे, भात तेवढंच भरडायचंय, म्हणून त्या दोन लाईनमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो. १० एचपीला पूर्ण लोडवर समजा १५ अँपिअर, ते २६ वर जातात. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वाइंडिंग किती वेळ टिकणार? बंद करून परत सुरू करायला गेलात तर मात्र ती उठत नाही, नुसती गुणगुणते, ही एक ओळखायची खूण.

म्हणून एक फेज गेलाय का हे व्होल्टेज बघून नाही, करंट बघून कळतंय. क्लॅम्प मीटर तिन्ही वायरला एकेक करून लावा, दोन चढलेले आणि एक शून्य दिसला की लगेच बंद करा.

आता करायचं काय. स्टार्टरमधल्या रिलेचा काटा कुठं आहे बघा. पुष्कळ ठिकाणी "सारखी ट्रिप होती" म्हणून कुणीतरी तो वर फिरवून ठेवलेला असतो. तो नेमप्लेटच्या आकड्यावर आणा (स्टार-डेल्टा असेल तर वरच्या उत्तरातलं गणित बघा) आणि नंतर ट्रिप झाली तर काटा हलवू नका, कारण शोधा. शिवाय सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवा, पण करंटवर चालणारा घ्या. नुसत्या व्होल्टेजवर चालणारा माझ्या टेस्टरसारखाच फसू शकतो. खानापूरकडं पावसात झाडाची फांदी लाईनवर पडणं नवीन नाही, फेज जाणार हे धरूनच चालायला पाहिजे. आणि फ्यूजच्या जागी जाड वायर घातलेली असेल तर आजच काढा.

प्रश्न : शिकायला स्वस्तातला मल्टीमीटर चालेल का? (उद्यमबाग)

उत्तर : बॅटरी आणि बल्बसाठी चालेल. ४१५ च्या पॅनेलवर अजिबात नाही. तिथं मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट (ही मीटरच्या सुरक्षिततेची श्रेणी) असं छापलेलं आणि आत चांगला फ्यूज असलेला, नावाजलेल्या कंपनीचा पाहिजे, कारण आत शॉर्ट झाला तर मीटर हातातच फुटतो. बंद लाईन तपासताना आधी चालू लाईनवर मीटर चालतोय का बघ, मग बंद लाईन बघ, मग परत चालू लाईनवर बघ. मधल्या वेळेत मीटरच मेला असेल तर तो शून्यच दाखवणार आणि तू हात घालणार. आणि करंट मोजून झाला की लाल वायर अँपिअरच्या भोकातनं काढून व्होल्टच्या भोकात घाल, मगच मीटर पेटीत ठेव, कारण उद्या सकाळी तो दुसरा कुणीतरी उचलणार आणि न बघता फेजला लावणार.